तंदे आडनावाचं गाव

बस. लॅपटॉप उघडू नकोस. तुझी फाईल मी काल रात्री दोनदा बघितली आहे. आता तू फक्त ऐकायचं.

काल दुपारी तुला काम देणाऱ्या संस्थेच्या काउंटरवर एक आजी आल्या. भालकीकडच्या खेड्यातून, सकाळच्या बसनं. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. खात्यावर पैसे का आले नाहीत, एवढंच विचारत होत्या. कारकुनानं नाव टाकलं, स्क्रीन बघितली, आजींकडं बघितलं, पुन्हा स्क्रीन बघितली आणि मान खाली घालून म्हणाला, 'आजी, इथं तुम्ही मयत दिसायलात.' आजी रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. पिशवीतून बसचं शून्याचं तिकीट काढून काउंटरवर ठेवलं. म्हणाल्या, 'कंडक्टरनं आधार बघून दिलंय हे. त्याला मी जिवंत दिसले, तुलाच कशी मेलेली दिसायले रे?'

2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हा बीदरात, नौबादच्या चौकात उभं राहून तूच नाकं मुरडत होतास ना? त्याच तिकिटानं काल तुझं बिंग फोडलं.

त्यांना मारलं कुणी? यमानं नाही, संस्थेनंही नाही. तुझ्या अकरा ओळींच्या प्रोग्रॅमनं मारलं. आणि फोन कुणाला आला? मला. कारण काम तुला मी मिळवून दिलं होतं. 'बाई, पोरगा हुशार आहे म्हणाला होतात तुम्ही.' तीस वर्षं गणित शिकवलं, पण कुणासमोर एवढी गप्प बसले नव्हते.

आता काम काय होतं ते तुझ्या भाषेत नाही, माझ्या भाषेत सांगते. एका तक्त्यात सभासदांची यादी: नाव, गाव, खाते क्रमांक. दुसऱ्या तक्त्यात गावोगाव फिरणाऱ्या पोरांनी केलेली भेटनोंद: तारीख, गाव आणि शेरा. शेऱ्याचा रकाना म्हणजे मोकळं रान. कुणी दोन शब्द लिहितो, कुणी घरातली सगळी भांडणं लिहितो. यादीतली कोणती माणसं या शेऱ्यांमध्ये आली आहेत आणि त्यांच्याबद्दल काय लिहिलंय, एवढं शोधायचं होतं. तू काय केलंस? नाव शोधलंस, त्याच खान्यात 'मयत' शोधलंस, दोन्ही सापडलं की पुढं एकचा आकडा लिहिलास. झालं तुझं काम. संध्याकाळी पाचला फाईल पाठवून क्रिकेट खेळायला गेलास.

आजींच्या नोंदीत काय लिहिलं होतं ते मी तोंडपाठ केलंय. 'गंगाबाई गंड माणिकराव घरी भेटल्या. दीर मयत, वारसनोंद बाकी.' घरी भेटल्या! पहिल्याच वाक्यात बाई जिवंत, उंबऱ्यात उभी. कदाचित चहासुद्धा दिला असेल तिनं. मेला तिचा दीर. पण तुझ्या खान्यात गंगाबाई पण आहे आणि मयत पण आहे, म्हणून गंगाबाई मयत. आणखी एक दाखवू? 'मयत नाही, पुण्याला मुलाकडं असतात.' ह्यांनासुद्धा मारलंस तू. 'नाही' हा शब्द मराठीत ज्याला नाकारायचं त्याच्या पाठीमागं येतो, हे तुला पहिलीत शिकवलं होतं. तुझ्या यंत्राला कोण शिकवणार?

उत्तर प्रदेशात आझमगडचे लालबिहारी नावाचे गृहस्थ आहेत. 1975 पासून 1994 पर्यंत सरकारी कागदावर ते मेलेले होते. जिवंत असल्याचं सिद्ध करायला भांडले, आपल्यासारख्या 'मेलेल्यांची' संघटना काढली, नावापुढं 'मृतक' लावलं. पण त्यांना कागदावर मारलं त्यांच्या काकांनी, लाच देऊन, जमिनीसाठी. त्यात निदान कुणाचा तरी फायदा होता. तू फुकट मारतोस.

मला आठवतंय, पहिल्या दिवशी हसत हसत आला होतास. 'बाई, गंमत झाली, सगळेच्या सगळे शेरे जुळले!' कारण यादीच्या तळाशी एक रिकामी ओळ होती. रिकाम्या शब्दाला यंत्र कुठंही शोधतं आणि ते त्याला सगळीकडं सापडतं. एक्सेलच्या सर्चला रिकामं नाव दे, ते म्हणेल पहिल्याच अक्षरावर सापडलं. तू ती ओळ खोडलीस आणि निवांत झालास. अरे, तेव्हाच छातीत धस्स व्हायला पाहिजे होतं. जे यंत्र काहीच नसलेलं नाव सगळीकडं शोधून देतं, त्यानं शोधून दिलेल्या बाकीच्या नावांवर भरवसा ठेवलास कसा?

दुसऱ्या दिवशी आलास तो 'राम' घेऊन. रामाची नोंद दर तिसऱ्या ओळीला. मी म्हटलं, ह्या तालुक्यात एवढे राम कुठून आले? 'ग्राम पंचायत', 'ग्राम सेवक', 'तुकाराम', 'परशुराम' सगळ्यांत राम. तेव्हा तू छाती फुगवून म्हणालास, 'बाई, मी शब्दाची हद्द लावली.' लावलीस, आणि तरी 'ग्राम' मध्ये राम सापडतच राहिला. का, ते तू शोधलंस? मी शोधलं, ह्या वयात, चष्मा पुसत. तुझ्या पायथॉनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला अक्षर कळतं, आकडा कळतो. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही त्याच्या लेखी अक्षरं नाहीत. 'ग्राम' मध्ये ग च्या पायाशी हलन्त आहे, तिथं त्याचा शब्द संपतो आणि र पासून नवा सुरू होतो. म्हणून ग्राम मध्ये राम. तुकाराम मध्ये 'का' चा काना संपला की राम. परशुराम मध्ये उकार संपला की राम. जयराम तेवढा वाचला, कारण य आणि र यांच्यामध्ये काही नाही. एका भाषेच्या अंगाला बेतलेला सदरा तू दुसऱ्या भाषेच्या अंगात कोंबलास आणि बाह्या कापून टाकल्यास.

आणि आता ह्याच हद्दीची दुसरी बाजू ऐक, म्हणजे झोप उडेल. 'गंगाबाईंना निरोप दिला' अशी नोंद तुझ्या प्रोग्रॅमला सापडते. 'गंगाबाईला निरोप दिला' ही सापडत नाही. पहिल्यात ई वर अनुस्वार आहे, तिथं यंत्राची हद्द पडते. दुसऱ्यात ई ला लागून ल आला, शब्द पुढं चालू, नाव हुकलं. म्हणजे ज्या पोरानं बाईला मान देऊन लिहिलं त्याची नोंद आली आणि ज्यानं एकेरीत लिहिलं त्याची गेली. आदरार्थी बहुवचनावर जुळणी करायलास तू! माझ्या वर्गात एवढा मान कधी राखला नव्हतास.

मराठीत नाव एका जागी उभं राहत नाही रे. 'पाटील' आला की पुढच्याच वाक्यात 'पाटलांना' होतो, 'ट' नंतरची वेलांटीच गळून पडते. 'शिंदे' चं 'शिंद्यांच्या घरी' होतं, 'सीता' ची 'सीतेला'. यादीतलं नाव प्रथमेत असतं, बिचारं, इस्त्री केलेलं. शेऱ्यातलं नाव विभक्तीनं चुरगळलेलं असतं. सामान्यरूप शिकवताना खिडकीतून बाहेर बघत होतास, त्याची ही फळं.

आशा कार्यकर्त्यांचं काय केलंस ते मी सांगणारच नव्हते, पण सांगते. यादीत आशा नावाच्या पाच बायका. शेऱ्यांमध्ये जागोजागी 'आशाकडून चौकशी केली', 'आशा म्हणाल्या, मयत'. गावातली खबर आशालाच असते, पोरं तिलाच विचारतात. आशाचं हे आरोग्याचं काम 2005 पासून चालू आहे, तुझ्या आईला पण माहीत आहे. पण तू खुद्द खबर देणारीलाच सरणावर ठेवलंस.

आता ह्याच्याकडं बघ. ही तुझी शेवटची शीट, 'नवीन सापडलेली आडनावं'. तू लिहिलंयस: तंदे, अठ्ठावन्न जण. त्याखाली गंड, एकेचाळीस. वर टीप: 'या भागात तंदे आडनावाचं मोठं कुटुंब आहे, यादीत त्यांचा समावेश नाही, तपासावं.' नौबादेत जन्मलास, नौबादेत वाढलास, घरात मराठी आणि गल्लीत कन्नड बोललास, आणि तुला 'तंदे' म्हणजे बाप हे आठवलं नाही? 'शरणप्पा तंदे बसप्पा' म्हणजे बसप्पाचा मुलगा शरणप्पा. 'महादेवी गंड शिवराज' म्हणजे शिवराजची बायको महादेवी. इकडच्या कागदांत नावं अशीच लिहितात, आणि नोंद करणारी पोरं देवनागरीत तशीच उतरवतात. पलीकडं मराठवाड्यातल्या कागदांत ह्याच जागी 'पि.' आणि 'भ्र.' येतं, पिता आणि भ्रतार. ते पण तुझ्या यादीत 'भ्र' म्हणून आडनाव होऊन बसलंय, सात वेळा. अठ्ठावन्न बाप एका आडनावाखाली कोंबलेस! अरे, हा बाप नि नवऱ्याचा खुणेचा शब्दच तर तुझ्या कामाचं सोनं होतं. नुसत्या 'गंगाबाई' शंभर असतील, 'गंगाबाई गंड माणिकराव' किती असतील? माणूस नेमका ओळखायची खूण कागदानं आपणहून दिली होती आणि तू ती भंगारात टाकलीस.

महंमदाचं पण तेच. 'महंमद', 'मोहम्मद', 'मुहम्मद', 'मो.', 'एम.डी.' ही पाच माणसं नाहीत. आणि 'एम.डी.' म्हणजे डॉक्टर पण नाही. त्या बिचाऱ्या रिक्षावाल्याला तू 'वैद्यकीय अधिकारी' केलंस.

डोळ्याला दिसत नाहीत अशा चुकांबद्दल मी तुला फार बोलणार नाही, कारण त्या मलाही काल रात्रीच कळल्या. 'कुऱ्हाडे' हे आडनाव यादीत आणि शेऱ्यात डोळ्यांना सारखंच दिसतं, पण एकानं ऱ हे वेगळं अक्षर टंकलं आहे आणि दुसऱ्यानं साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडखूण. यंत्राला ते दोन कुऱ्हाडे. 'ॲड.' चं पण तसंच. एकात ॲ सबंध, दुसऱ्यात अ वर चंद्र बसवलेला. युनिकोडची ठरीव साफसफाई फिरवली की र खाली नुक्ता दिलेला ऱ सरळ होतो, पण हे दोन्ही तसेच राहतात. ते हातानंच जुळवून घ्यावे लागतात. बरं, ह्याला माफी. पण शब्दाच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागेला माफी नाही. ते तुला वहीत शिकवलं होतं.

आता तुझी हुशारी. 'अचूक जुळत नाही म्हणून मी अंदाजे जुळवलं, दोन अक्षरांचा फरक चालेल असं ठेवलं.' हे लेव्हनश्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञाचं मोजमाप, 1965 चं. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, गाळावी, घालावी लागतात ते मोजायचं. गणित झकास आहे, मला आवडतं. पण वही काढ आणि मोज. 'गुलबर्गा' चं 'हलबर्गा' करायला: ग चा ह केला, उकार गाळला. झाले दोन. हलबर्गा म्हणजे भालकी तालुक्यातलं आपलं स्टेशन, उदगीरच्या लाईनीवरचं. आता 'गुलबर्गा' चं 'कलबुर्गी' कर. ग चा क, उकार गाळला, ब नंतर उकार घातला, शेवटच्या कान्याची वेलांटी. चार! 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं गुलबर्ग्याचं नाव कलबुर्गी केलं. गाव तेच, किल्ला तोच, दर्गा तोच. तुझ्या मापानं एकच शहर चार पावलं लांब आणि एक दुसरंच रेल्वे स्टेशन दोन पावलांवर. म्हणून तुझ्या फाईलमध्ये गुलबर्ग्याचे अकरा सभासद हलबर्ग्याला राहायला गेले आणि कलबुर्गीवाले बेघर झाले. दोनच्या जागी चार ठेवलं असतंस तर अख्खा जिल्हा एका गावात मावला असता.

साउंडेक्स लावू म्हणालास, बरं झालं नाही लावलास. अमेरिकेत 1918 साली पेटंट घेतलेली युक्ती, त्यांच्या आडनावांना उच्चारावरून क्रमांक द्यायची. इंग्रजी स्पेलिंग करून त्यात 'पाटील' टाक, 'पटेल' टाक, 'पडाळे' टाक, तिघांचा एकच सांकेतिक क्रमांक. 'बीदर' आणि 'बहादूर' पण एकच. बीदर बहादूर आहे हे मला मान्य आहे, पण ते असं नाही सिद्ध करायचं.

औराद कुठलं, हे न विचारता लावलंस. आपलं औराद बाऱ्हाळी की पलीकडचं औराद शहाजनी, लातूर जिल्ह्यातलं? चिंचोली म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातला तालुका की भालकीजवळची खटक चिंचोली? शेऱ्यात पोरं नुसतं 'औराद' लिहितात, कारण लिहिणाऱ्याला माहीत असतं तो कुठं उभा आहे. गावाचा रकाना तुझ्या शेजारी होता, तू डोकावला नाहीस. आणि म्हाताऱ्या सभासदांच्या नोंदीत 'मूळ उदगीर, जि. बीदर' दिसलं की तू 'चूक पत्ता' म्हणून लाल केलंस. चूक पत्ता नाही तो. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर आपल्याच जिल्ह्यात होते, मग मुंबई राज्यात गेले. लातूर जिल्हा तर 1982 चा. म्हातारा खरं सांगत होता. इतिहासात नापास तू झालास आणि लाल खूण त्याच्या नावावर केलीस.

एक गोष्ट मात्र तू केलीस ती मला सगळ्यात जास्त लागली. तू भेटनोंदीचा तक्ता गावाच्या नावानं लावून घेतलास. सोपं जावं म्हणून. आणि शेऱ्याच्या रकान्यात कितीतरी ठिकाणी 'वरीलप्रमाणे' लिहिलं होतं, एका जुन्या कार्यकर्त्यानं 'कित्ता' लिहिलं होतं. वर कोण होतं? आता कुणास ठाऊक. तक्ता हलवला, वरचा माणूस बदलला, आणि 'वरीलप्रमाणे मयत' दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसलं. मूळ क्रमांकाचा रकाना ठेवला असतास तर परत येता आलं असतं. तोही ठेवला नाहीस.

हे का लागलं ते सांगते. मी नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षी, एका शाळेत, दाखलखारीज रजिस्टर माझ्याकडं होतं. दोन भावांची नावं एकाखाली एक. थोरल्यापुढं मी लिहिलं, 'गाव सोडले, नाव कमी'. धाकट्यापुढं आळसानं दोन रेघा मारल्या. धाकटा गेलाच नव्हता, तो आजोळी राहून पुढं दोन वर्षं शिकला. वीस वर्षांनी तो जन्मतारखेचा दाखला मागायला आला, तेव्हा कागदावर तो दुसरीतच गावाबाहेर गेला होता. खेटे घातले बिचाऱ्यानं. माझ्या हस्ताक्षरातल्या त्या दोन रेघा मला दाखवल्या त्यानं, न चिडता. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवते किंवा पूर्ण लिहिते.

मान वर कर. जमिनीकडं बघून माझं बोलणं ऐकायची गरज नाही.

बहमनी वजीर महमूद गावानच्या मदरशाची इमारत तू शंभर वेळा बघितली असशील, 1472 ची. तिथं सेल्फी काढतोस. ज्यानं ती बांधली त्याचं काय झालं माहीत आहे? त्याच्या शत्रूंनी त्याचा शिक्का कोऱ्या कागदावर उमटवून घेतला आणि वर ओरिसाच्या राजाला चिथावणीचं पत्र लिहिलं. सुलतानानं कागद समोर धरला. गावान म्हणाला, शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही. 1481 साली त्याचं मुंडकं उडवलं. सुलतानानं केलं ते तूच केलंस: कागदावर खूण सापडली, पुढं वाचायची, विचारायची तसदी घेतली नाही. फरक एवढाच, तो दारूच्या नशेत होता असं म्हणतात, आणि तू शुद्धीवर होतास.

आता म्हणशील, बाई, हे काम यंत्रानं करायचंच नाही का? असं मी कुठं म्हटलं? पलीकडं मराठवाड्यात 2023 पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात निजामकाळातल्या नोंदी चाळायला बसले लोक. मोडीत, उर्दूत, फारसीत लिहिलेल्या. आजच्या माणसाचं नाव तिथल्या पणजोबाच्या नावाशी जुळवायचं. हाच धंदा, मोठ्या मापाचा. तिथं मोडी वाचणाऱ्याला बोलवावं लागलं. का? कारण अक्षर वाचल्याशिवाय नाव जुळत नाही. यंत्र घाल की! हजारो नावं एका फेरीत शोधायची रीत आहो आणि कोरासिक यांनी 1975 लाच दिलीय. एक नाव घेऊन सगळा तक्ता पालथा घालायचा, मग दुसरं नाव, मग तिसरं, हे तुझं चाललं होतं ते रात्रभर चालणारच. पण यंत्राचं काम इथंच संपतं: 'इथं हे नाव असावं' असं बोट दाखवणं. तो माणूस तोच आणि मेला तोच, हे ठरवायचं काम त्याचं नाही.

आपल्या नौबादची करेझ बघितलीस ना, बहमनी काळातली, सुरंग बावी म्हणतात ती? वरून नुसती भोकं दिसतात, अंतराअंतरानं. पाणी खालून एका भोकाकडून दुसऱ्याकडं जातं. तू एका भोकात डोकावलास, पाणी दिसलं, आणि अख्खी करेझ चालू आहे म्हणून लिहून दिलंस. मी विचारलं होतं, किती शेरे स्वतः वाचलेस? 'दहा-बारा,' म्हणालास. तेही वरचे दहा-बारा, जे पहिल्या महिन्यात नव्या उत्साहात नीट लिहिलेले असतात.

तर उद्यापासून असं. सगळ्या वर्षांमधून, सगळ्या लिहिणाऱ्यांमधून दोनशे शेरे काढ, उचलून, वरचे नाही. कागदावर छापून आण. यंत्र बंद. लाल पेनानं माणसाच्या नावाला गोल, हिरव्यानं गावाला, आणि 'मयत' दिसलं की कोण मयत त्याच्याकडं बाण. ते झालं की त्याच दोनशेंवर तुझा प्रोग्रॅम चालव आणि दोन आकडे मला दे: किती ठिकाणी नसलेलं सापडवलंस आणि किती ठिकाणी असलेलं सोडलंस. एकच आकडा आणलास तर वर्गात घेणार नाही. मोठं नाव आधी, छोटं नंतर. 'रामराव' सापडला की त्यातल्या 'राम' ला हात लावायचा नाही. गाव जुळत नसेल तर जुळलं म्हणायचं नाही. तंदे, गंड, पि., भ्र. यांना कापायचं नाही, त्यांच्या पुढचं नाव वेगळ्या रकान्यात घ्यायचं. 'नक्की' आणि 'नाही' याशिवाय एक तिसरा रकाना, 'माहीत नाही', आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही. मूळ शेरा प्रत्येक ओळीत तसाच्या तसा शेजारी ठेवायचा, म्हणजे माझ्यासारखी कुणी खवीस बाई बघायला बसली तर तिला दोन मिनिटांत कळेल. आणि 'मयत' च्या रकान्यात यंत्रानं काहीही लिहायचं नाही. तिथं माणूस लिहील, घरी जाऊन आल्यावर.

मारलेल्यांची यादी मी काढली आहे. एकोणीस. संस्थेनं आजच्या आज सगळी खाती परत चालू केली आहेत, ती माझ्या भिडेखातर. पण प्रत्येकाच्या घरी जाऊन माफी मागायची जबाबदारी तुझी. सुरुवात आजींपासून. तू आत जाशील, पाया पडशील, नाव सांगशील. मी उंबऱ्याबाहेर उभी राहीन. आणि तिथं बसून त्यांचं पूर्ण नाव, बापाचं, नवऱ्याचं, माहेरचं, सासरचं, त्या सांगतील तसं लिहून घ्यायचं. त्या कशा सांगतात ते ऐक, म्हणजे कळेल शेऱ्यात माणसं नाव कशी लिहितात.

सकाळची सव्वासातची बस. मला शून्याचं तिकीट मिळेल, तुला नाही. सुटे पैसे घेऊन ये.